निशाणीचा नांगर आणि साक्षरांची समीक्षा

१

मराठी लेखनाचा इतिहास म्हणजे मराठी अक्षरांचा इतिहास, हे समीकरण आपल्या अभ्यासव्यवहारात इतके मुरले आहे की त्याला कोणी सिद्धान्त म्हणत नाही आणि म्हणून त्याची तपासणीही कोणी करीत नाही. पदव्युत्तर वर्गात अक्षीचा लेख शिकवताना त्याचा शक ९३४ धरावा की नाही यावर आपण तास खर्ची घालतो. त्या शिळेवर कोरलेल्या चंद्रसूर्यांविषयी मात्र एक वाक्य बोलत नाही. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या ग्रंथाने आपल्याला ओळी वाचायला शिकवले, हे ऋण मोठेच आहे. परंतु ओळ भाषाभ्यासकाची आणि चित्र पुरातत्त्ववाल्याचे, अशी जी वाटणी आपण पुढे गृहीत धरली तिला कोणताही तात्त्विक आधार नाही. दानलेखावरचे चंद्रसूर्य ही नक्षी नसते. ‘आचंद्रार्क’ या शब्दाचे ते लेखन असते. ज्याला ओळी वाचता येत नाहीत त्यालाही दानाची मुदत त्यातून वाचता येते. कोकणात ठिकठिकाणी उभ्या असलेल्या गद्धेगाळींवरचे गाढवही असेच एक शापवाक्य आहे, आणि ते वाचायला शाळेत जावे लागत नव्हते.

या वाटणीचा सर्वांत मोठा बळी म्हणजे मराठी कागदपत्रांतील निशाणी. सतराव्या-अठराव्या शतकांतील महजर, खरेदीखते, तहनामे, वतनाचे करीने यांच्या अखेरीस हजर असलेल्यांची नावे येतात. लिहिणारा ‘दस्तुर’ करतो. इतरांची निशाणी असते. पाटलाची निशाणी नांगर, शेट्याची तराजू, कारागिराची त्याच्या त्याच्या धंद्याचे हत्यार, बाईची बांगडी. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली आणि पुढे अनेक संग्राहकांनी हे काम चालवले. पण छापील पानावर आपल्याला नांगर सहसा दिसत नाही. ‘निशाणी नांगर’ हे दोन शब्द दिसतात. छापखान्याच्या पेटीत नांगराचा खिळा नव्हता, ही अडचण खरी. मात्र अडचणीतून निपजलेल्या या रिवाजाचे पुढे आपण तत्त्वज्ञान करून टाकले. चित्राचे वर्णन छापले म्हणजे चित्र छापले, असे समजून आपण शंभर वर्षे संहितेचा एक भाग गाळून संहिता वाचत आलो आहोत. पाठचिकित्सेत एक अनुस्वार गळला तर आक्षेप घेणाऱ्या अभ्यासकांना हे खटकले नाही, याचे कारण त्यांच्या लेखी नांगर हा मजकूरच नव्हता.

२

मग नांगर म्हणजे काय होते? रूढ उत्तर तयार आहे: पाटलाला लिहिता येत नव्हते म्हणून त्याने नांगर काढला. हे उत्तर तपासण्याजोगे आहे, कारण आपली सगळी साक्षर समीक्षा त्याच्यावर उभी आहे.

नांगर ही जर केवळ उणीव भरून काढणारी खूण असती, तर तिच्यावरून कोणी भांडले नसते. पण पाटीलकीच्या भाऊबंदांत नांगर कोणी आधी काढावा, कोणाचा वर आणि कोणाचा खाली, यावर तंटे होत आणि वाटणीच्या कागदांत पानविडा, शिरपाव, पोळ्याच्या बैलाचा अग्रमान यांच्या पंक्तीत नांगराचाही मान नोंदला जाई. उणिवेचा मान कोणी मागत नाही. नांगर ही हक्काची खूण होती, वतनाबरोबर वारशाने येणारी, विकत देता-घेता येणारी, वाटून घेता येणारी. उद्या त्या घरातला एखादा मुलगा मोडी लिहू लागला म्हणून त्याच्या नांगराचे मोल उणे होत नव्हते.

लेखन कशाला म्हणावे, याची किमान तीन गमके सांगता येतील. खुणेमागे ठरलेला संकेत हवा. तो संकेत जाणणारा वाचकवर्ग हवा. आणि ती खूण उमटल्याने व्यवहारात काही घडले पाहिजे. नांगर या तिन्ही कसोट्यांना उतरतो. तो काढण्याची रीत ठरलेली होती, तो पाहणाऱ्या प्रत्येकाला कळत होता, आणि तो उमटल्यावाचून महजर पुरा होत नव्हता. एखाद्या चिन्हाकडून याहून अधिक कशाची अपेक्षा करायची? सोस्यूरच्या १९१६ च्या व्याख्यानग्रंथापासून लेखन ही बोलण्याची सावली मानण्याची सवय आधुनिक भाषाविज्ञानाला लागली. त्या सवयीपुरता नांगर लेखन ठरत नाही, कारण तो कोणताही ध्वनी टिपत नाही. पण त्यामुळे व्याख्येची मर्यादा सिद्ध होते, नांगराची नव्हे.

या व्याख्येने आपली किती फसगत केली आहे हे पाहण्यासाठी मालवणच्या किनाऱ्यावरून फार दूर जावे लागत नाही. १६६४ मध्ये ज्याचे काम सुरू झाले त्या सिंधुदुर्गात दोन लहान घुमट्यांखाली चुन्यात उमटलेला एक हात आणि एक पाऊल जपून ठेवले आहे. ते शिवाजी महाराजांचे, अशी परंपरा आहे. ग्रँट डफने १८२६ मध्ये आपल्या इतिहासात लिहून ठेवले की महाराजांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. त्यानंतर आपल्या अभ्यासकांच्या अनेक पिढ्या महाराजांच्या हातचे अक्षर शोधण्यात आणि ते मिळाल्याचे वा न मिळाल्याचे प्रतिपादन करण्यात खर्ची पडल्या. वादाच्या दोन्ही बाजूंनी ग्रँट डफचा निष्कर्ष तपासला. त्याचे माप मात्र दोन्ही बाजूंनी मुकाट्याने स्वीकारले. स्वहस्ते अक्षरांत नाव लिहितो तो साक्षर, हे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कारकुनाचे माप आहे. ज्या राज्यव्यवहारात पत्राच्या माथ्यावरील मुद्रेने पत्राला अधिकार येत असे आणि अखेरच्या मोर्तबाने मजकुराची हद्द बंद होत असे, तेथे राजाचे हस्ताक्षर शोधणे म्हणजे देवळात घंटेऐवजी दाराची कडी वाजवून पाहणे होय. सिंधुदुर्गावर दर्शनाला जाणारा मनुष्य त्या हाताच्या ठशापुढे हात जोडतो. ठसा हे नावच आहे, हे त्याला कळते. आपल्या समीक्षेला ते अजून कळायचे आहे.

३

प्रश्न केवळ आपला नाही. इग्नास गेल्ब यांच्या १९५२ च्या लेखनविषयक प्रसिद्ध ग्रंथात मध्य अमेरिकेतील चित्रलेखनाला लेखनाच्या उंबऱ्याबाहेर, पूर्वावस्थेत बसवले आहे. मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषिकांची नामचित्रे त्यातच आली. आज ही मांडणी टिकत नाही. नाहुआत्ल राजांची नावे पाहावीत. चिमालपोपोका म्हणजे धुमसती ढाल: चित्रात ढाल आणि तिच्यातून निघणारा धूर. क्वाउतेमोक म्हणजे खाली झेपावलेला गरुड: चित्रात गरुड आणि खाली उतरणारी पावले. येथवर कोणी म्हणेल, ही अर्थाची चित्रे झाली. पण इत्सकोआत्ल या नावाचे लेखन दोन प्रकारे सापडते. एका प्रकारात काचदगडाची पाती अंगावर असलेला साप आहे. दुसऱ्या प्रकारात साप नाहीच. पात्याबरोबर मडके आणि पाणी आहे, कारण मडक्याच्या शब्दातून ‘को’ आणि पाण्याच्या शब्दातून ‘आ’ हे ध्वनी घेतले आहेत. चित्र तेच काम करते जे आपले अक्षर करते. स्पॅनिश धर्मगुरूंनी प्रार्थना शिकवली तेव्हा ‘पातेर नोस्तेर’ लक्षात ठेवण्यासाठी निशाण आणि फड्या निवडुंगाचे बोंड काढले जाई, कारण निशाणाला ‘पांत्ली’ आणि बोंडाला ‘नोच्त्ली’ म्हणत. ओबँ या फ्रेंच अभ्यासकाने हा ध्वनिपक्ष १८४९ मध्येच दाखवला होता. आल्फोन्सो लाकादेना यांनी २००८ मध्ये त्याचा अक्षरसंच मांडला, आणि गॉर्डन व्हिटकर यांनी २०२१ च्या ग्रंथात त्याहून वेगळी उपपत्ती दिली. वाद आहे तो हे लेखन कसे चालते यावर. ते लेखन आहे यावर आता वाद नाही.

या नामचित्रांचे सर्वांत विलक्षण भांडार राजांचे नाही, रयतेचे आहे. १५६० च्या सुमारास सिद्ध झालेल्या वेशोत्सिंकोच्या कर-नोंदवहीत हजारो करदात्यांची मस्तके रांगेने काढली असून प्रत्येकाजवळ त्याच्या नावाचे चित्र आहे आणि शेजारी रोमन अक्षरांत तेच नाव आहे. जित लोकांची ही मोजदाद आहे. हेतू वसुलीचा आहे. तरीही एका पाड्यातला एक शेतकरी दुसऱ्यापासून त्याच्या चित्राने वेगळा कळतो.

४

आता खरा मुद्दा. हे सारे वाचून आपल्याकडील एका गटाला उत्साह चढेल, किंबहुना चढलेला आहेच. देशीवादाचे घोषवाक्य करणारे काही लेखक निशाणीचा उल्लेख आता आपली देशी चित्रलिपी असा करू लागले आहेत. त्यांच्या हाताशी मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावरची कातळचित्रेही आहेत, जी कोकणातील इतर स्थळांबरोबर २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. कातळचित्रापासून महजरापर्यंत आणि महजरापासून मतपत्रिकेवरच्या निशाणीपर्यंत एक अखंड देशी परंपरा जोडून दाखवली की पश्चिमेची मक्तेदारी मोडली, असा हा तर्क. साक्षरांची उपेक्षा आणि देशीयांचा गौरव यांत निवड करायची झाली तर प्रस्तुत लेखक दोन्ही नाकारील. दुसऱ्याचा धोका अधिक, कारण तो आपुलकीच्या भाषेत बोलतो.

कुडोपीची गोष्ट प्रथम. वर सांगितलेल्या तीन गमकांपैकी दोन तेथे तपासताच येत नाहीत. संकेत कोणता आणि वाचक कोण, हे सांगणारा कोणताही दुवा आपल्यापर्यंत आलेला नाही. ती चित्रे थोर आहेत. पण थोर असणे आणि लेखन असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. न वाचता येणाऱ्या गोष्टीला लिपी म्हणणे हा तिचा सन्मान नव्हे.

महजरातल्या नांगराची गोष्ट अधिक गंभीर आहे. नाहुआत्ल नामचित्राशी त्याची तुलना केली की साम्यापेक्षा भेद बोलका ठरतो. वेशोत्सिंकोचे चित्र माणसाचे नाव लिहिते. नांगर माणसाचे नाव लिहीत नाही. वाईकडचा पाटील आणि संगमेश्वराकडचा पाटील यांचा नांगर एकच. बापाचा, मुलाचा, नातवाचा नांगर एकच. नांगर वतन लिहितो. कोणत्या पाटलाचा तो नांगर, हे कळायला शेजारी कुळकर्ण्याने मोडीत लिहिलेले नावच वाचावे लागते. म्हणजे चित्रात अधिकार आहे, पण वेगळेपण नाही. वेगळेपण सांगण्याची शक्ती लेखणी धरणाऱ्याच्या हाती राहिली आहे. कुळकर्ण्याचा कागद नांगरावाचून लुळा, आणि पाटलाचा नांगर कुळकर्ण्यावाचून अनामिक: गावगाड्यातील परस्परावलंबन म्हणून ज्याचे गोडवे गाइले जातात त्याची ही चिन्हमीमांसा आहे.

यावर एक विद्वान आक्षेप संभवतो. लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ मध्येच दाखवले की विशेषनाम हेही वर्गीकरणच असते. डेरिडा यांनी १९६७ मध्ये नांबिक्वारांच्या नामनिषेधाची चर्चा करताना त्याहून पुढे जाऊन म्हटले की खरोखरीचे ‘स्वतःचे’ नाव कधी नसतेच, नाव ठेवणे हीच भेदाची, लेखनाची पहिली हिंसा होय. मग नामचित्र आणि नांगर यांत भेद तो काय? दोन्ही वर्गीकरणेच.

हा आक्षेप मान्य करूनही भेद पुसत नाही. सर्व नावे वर्गीकरण करतात हे खरे. परंतु कोणाला किती बारीक वर्गात ठेवले जाते, हा प्रश्न त्या विधानाने सुटत नाही, तो तेथून सुरू होतो. नाहुआंमध्येही बायकांची नावे पुष्कळदा थोरली, मधली, धाकटी अशी जन्मक्रमावरूनच ठेवली जात. पुरुषाला धुमसती ढाल आणि बाईला क्रमांक! तिकडची ही विषमता झाकून आपल्याला तेथील चित्रांचे गुणगान करता येणार नाही. तशीच आपल्या महजरातील बांगडी पाहावी लागेल. कागदावर निशाणी करण्याची वेळ बाईवर बहुधा वारस म्हणून, म्हणजे वैधव्यात येणार. ज्या घरांत विधवेच्या हातात बांगडी राहू दिली जात नसे, त्या घरातल्या बाईला कागदावर बांगडीच काढायला लावायची, तर ते चिन्ह तिचे म्हणावे कसे? तिच्या हातातून जी काढून घेतली ती वस्तू तिची ओळख म्हणून कागदावर उरते. डेरिडा यांना अभिप्रेत असलेली लेखनाची हिंसा समजून घेण्यासाठी आपल्याला ब्राझीलच्या रानात जाण्याची गरज नव्हती.

५

बलुतेदाराच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक टोकाला जातो. पाटलाच्या नांगरात निदान मान होता. ज्याची निशाणी म्हणजे त्याच्या जातीकडून घ्यायच्या कामाचे हत्यार, त्याला कागदावर उभे राहायची परवानगी त्या कामापुरतीच होती. त्याच्या निशाणीला मी लेखन म्हणतो ते याच कारणासाठी. तिला नक्षी वा निरक्षराची खूण म्हटले की ती निरुपद्रवी होते. लेखन म्हटले की ती काय लिहिते हे विचारावे लागते. ती लिहिते: हा माणूस म्हणजे हे काम.

याच समाजात सही करण्याची दुसरी एक पद्धत चालू होती आणि आपली समीक्षा तिला चांगली ओळखते. अभंगाच्या अखेरच्या चरणातील नाममुद्रा. ‘मुद्रा’ हा शब्दच शिक्क्याचा आहे, हे आपण विसरलो आहोत. चोखामेळ्याच्या अभंगाच्या अखेरीस चोखा हे नाव येते. जनाबाईच्या अभंगाच्या अखेरीस जनी हे नाव येते. चोखामेळ्याचा काळ चौदाव्या शतकाचा आणि आपल्या हाती असलेले बहुसंख्य महजर तीनशे-चारशे वर्षांनंतरचे, हे अंतर खरे. परंतु ज्या दिवसांत गावच्या चावडीवर हे महजर होत होते त्याच दिवसांत त्याच गावांत हे अभंग गाइलेही जात होते. चावडीवरच्या कागदात महाराला त्याच्या कामाचे चित्र मिळे. कीर्तनात त्याच जातीतील एका माणसाचे नाव उच्चारून सारे गाव डोलत असे. ज्याला आपण ‘मौखिक’ म्हणून कमी लेखतो त्या परंपरेने माणसाला नाव दिले, आणि ज्याला ‘लेखी’ म्हणून प्रमाण मानतो त्या परंपरेने ते नाकारले. मौखिक आणि लिखित यांची जी उतरंड वॉल्टर ऑंग यांच्या १९८२ च्या ग्रंथाच्या आधारे वर्गावर्गांतून शिकवली जाते, ती या एका उदाहरणापुढे उभी राहू शकत नाही.

या निशाणीतून बाहेर पडण्याचा इतिहासही वाङ्मयाचा इतिहास आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी दुरुस्ती विधेयक मांडले. कनिष्ठ गाव वतने १९५८ च्या कायद्याने आणि मुलकी पाटलांची पदे १९६२ च्या कायद्याने संपली. दलित आत्मचरित्रांची चर्चा करताना आपण ‘मी’चा उद्गार असा शब्दप्रयोग करतो, पण ‘मी’ उद्गारण्यापूर्वी कागदावरचे हत्यार खाली ठेवावे लागले होते, हे आपल्या चर्चेत येत नाही. आत्मचरित्र हे ज्या समाजात शतकानुशतके निशाणी काढायला लावली गेली त्याने केलेले पहिले दस्तुर आहे, अशा रीतीने ते वाचले तर त्याच्या प्रकाराविषयीची आपली समजच बदलेल.

६

नांगराचे पुढे काय झाले? १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटाच्या कागदावर सही घेण्याऐवजी हाताचा ठसा घेतला. कलकत्त्यात १८९७ मध्ये बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले. त्याच वर्षीच्या जनरल क्लॉजेस कायद्याने, ज्याला नाव लिहिता येत नाही त्याच्यापुरते ‘सही’ या शब्दात ‘निशाणी’ येते, असे ठरवले. कायद्याने निशाणीला जागा दिली, पण केवळ असमर्थतेच्या कलमात. मराठी कागदावर ‘निशाणी’ हा शब्द राहिला. त्याच्यापुढचा नांगर जाऊन ‘डावा अंगठा’ आला. हा बदल आपण प्रगती म्हणून नोंदवतो. वस्तुतः नांगर काढावा लागे. त्यात हाताची कृती होती, शिकलेला आकार होता, मान होता. अंगठा काढावा लागत नाही, तो घेतला जातो. चिन्हाच्या जागी शरीराचा माग आला. वेगळेपण मिळाले, कारण दोन अंगठे सारखे नसतात. पण त्या वेगळेपणाचा वाचक पुन्हा सरकारच राहिले. स्वतःचा अंगठा कोणालाही वाचता येत नाही. आणि त्यावर कडी म्हणून मराठीने ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी घडवली.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी आधारचा पहिला क्रमांक दिला गेला. तेव्हापासून या देशातील प्राध्यापक, न्यायाधीश आणि कवी हे सारे शिधापत्रिकाधारकाबरोबर एकाच काचेवर बोट टेकवीत आले आहेत. ज्या समीक्षेने सही आणि निशाणी यांच्यामधली रेघ हीच संस्कृतीची रेघ मानली, तिचे पंडित रेघेच्या पलीकडे जाऊन उभे आहेत, आणि त्यांच्या सिद्धान्ताला त्याची वार्ता नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. अप्रकाशित महजर यापुढे जो कोणी छापील त्याने निशाणी चित्ररूपात, तिच्या जागेसह आणि क्रमासह छापावी. आता खिळ्यांची सबब उरलेली नाही. लिपीच्या अभ्यासक्रमात मोडी आणि बाळबोध यांच्याबरोबर निशाणी हा विषय यावा. नाममुद्रेवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शकाने एकदा तरी पुराभिलेखागारात पाठवावे. आणि निशाणीला आपली चित्रलिपी म्हणून मिरवू पाहणाऱ्यांनी आधी एवढे सांगावे की त्या लिपीत एकाही बलुतेदाराचे नाव लिहिता येत होते का. येत नव्हते. ते का येत नव्हते, हे वाचता येणे म्हणजे आपल्या विषयात साक्षर होणे.